उतारावरचे शून्य

"शिक्का आणलात का?" उचियामा साहेबांनी विचारले.

"आणलाय. पण उमटवणार नाही," तोमिको कागेयामा म्हणाली.

तिने ड्रॉइंग टेबलावर पुन्हा पसरले. शेताडोंगरात चालणाऱ्या नव्या चारचाकीचा गिअरबॉक्स होता तो. त्यातल्या एका गिअरभोवती तिने लाल पेन्सिलीने गोल केला होता.

"वेगाचा सेन्सर या गिअरचे दात मोजतो. हा गिअर इंजिनाच्या बाजूचा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की याचा चाकांशी संबंध तुटतो. उतारावर चाकं धावत असतील, हा मात्र बंद इंजिनाबरोबर थांबलेला. सेन्सर सांगेल, वेग शून्य."

"सांगू दे. काटा थोडा वेळ चुकीचा दिसेल."

"रिव्हर्सचं कुलूप त्याच आकड्यावर उघडतं, साहेब. धावत्या गाडीत रिव्हर्स पडेल. मागची चाकं अडतील, आणि गाडी उलटून माणसाच्या अंगावर येईल."

"उतारावर न्यूट्रल टाकू नये, असं पुस्तिकेत छापू."

"परदेशातले मेंढपाळ मेंढ्यांमागे जाताना पुस्तिका वाचत नाहीत. इंजिनाच्या आवाजाने मेंढ्या बुजतात म्हणून ते मुद्दाम इंजिन बंद करून न्यूट्रल टाकतात. त्यांनी पत्रात तसं लिहिलंय."

सेन्सर मागच्या, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर नेणे हाच उपाय होता. पण त्यासाठी गिअरबॉक्सच्या कवचातले भोक सरकवावे लागणार होते, आणि कवचाचा साचा तयार होता. दोन महिने लागले असते. गाडी वसंतात बाजारात येईल, असा शब्द उचियामा साहेब वरिष्ठांना देऊन बसले होते.

एरवी मंजुरीचा कागद ट्रेमधून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सावकाश फिरत असे. या वेळी घाई होती, म्हणून साहेब तो काळ्या फाइलीत घालून स्वतः फिरवत होते. इथे सहीऐवजी नावाचा शिक्का चाले: आधी चार विभागांचे शिक्के, मग तपासनीस म्हणून तोमिकोचा, शेवटी साहेबांचा.

"चौघांचे शिक्के झालेत," साहेब म्हणाले. "तुमच्यावर ओझं राहू नये म्हणून रीत मोडून मीही माझा आधीच उमटवला. तुमचा एकच चौकोन कोरा राहिलाय. आपण एकट्याच शहाण्या, असं वाटतं का तुम्हाला?"

"एकटी असेन. पण शिक्का नाही."

साहेब फाइल घेऊन निघून गेले.

चौघांनी शिक्के दिले असणार, हे तिने धरूनच ठेवले होते. परवा साहेब वीज विभागाच्या इनाबांच्या टेबलापाशी बराच वेळ उभे राहिलेले तिने पाहिले होते. इनाबांनी शिक्क्याचा खण उघडला होता आणि मान खाली घातली होती. ओतकामाच्या ओबांकडेही तसेच. तेव्हापासून कोणी तिच्याकडे सरळ बघत नव्हते. काल इनाबांनी तिच्या टेबलावर न बोलता एक संत्रे ठेवले. तिने ते तितक्याच मुकाट्याने त्यांच्या टेबलावर परत ठेवले होते.

दुपारी कँटीनमध्ये ती ट्रे घेऊन मुद्दाम ओबांसमोर बसली.

"ओबा-सान, साचा तुमचा. खरं सांगा, भोक सरकेल की नाही?"

"न सरकायला काय झालं?" भातावरचे मुळ्याचे लोणचे ओबांनी बाजूला सारले. "दीड महिन्यातसुद्धा सरकेल."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"मला काही विचारू नका, कागेयामा-सान. तीन दिवस घास उतरत नाहीये."

"आता कसली काळजी? तुमचं तर झालं सगळं."

ओबांनी मान वर केली. काही बोलायला तोंड उघडले, मग मिटले. "टोमणे मारा, मारा," ते पुटपुटले आणि भरला ट्रे उचलून निघून गेले.

तीन वाजता तिला साहेबांनी आपल्या टेबलापाशी बोलावले. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या आणि साहेबांचे टेबल त्या रांगांच्या तोंडाशी होते. तिथे बोललेले सगळ्यांना ऐकू जाई.

"चार वाजता कारखान्याचे प्रमुख येतायत. एका बाईमुळे अख्खं काम अडलंय, असं मला सांगावं लागेल."

"सांगा. नाव नीट सांगा मात्र. तोमिको कागेयामा."

"तुम्ही इथे ड्रॉइंगवर शाई फिरवायला आला होतात. तपासनीस आम्ही केलं तुम्हाला."

"हो. शाई फिरवता फिरवताच चुका दिसायला लागल्या."

"तोयोहाशीच्या गोदामात एक जागा रिकामी आहे," साहेबांचा आवाज खाली आला. "सुटे भाग मोजायची."

"मोजीन. निदान माझी मोजणी तरी बरोबर येईल."

मागे कोणीतरी खोकले. हॉलभर पेन्सिली थांबल्या होत्या.

टेबलाची कड धरून तोमिको सरळ उभी राहिली. "तोंडी नकार उद्या कोणाला आठवणार नाही. कागद द्या. माझ्या चौकोनात मी लाल पेन्सिलीने 'नामंजूर' लिहिते."

साहेबांनी फाइलीवर हात ठेवला. "त्याची गरज नाही."

"गरज आहे. गाडी उलटेल तेव्हा माझा नकार कागदावर असायला हवा."

"प्रमुखांसमोर लिहा."

"आत्ता लिहिते. सगळ्यांसमोर."

तिने फाइल ओढली. साहेबांनी ती क्षणभर धरून ठेवली. मग हॉलकडे एक नजर टाकली आणि सोडली.

आत एकच कागद होता. त्यावर ओळीने सहा चौकोन आणि प्रत्येकाखाली नाव. लाल पेन्सिल हातात घेऊन तिने इनाबांच्या नावापासून बोट फिरवायला सुरुवात केली. ओबांच्या नावावर ते अडखळले. शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या नावावर आले.

सहाही चौकोन कोरे होते. उचियामा साहेबांचासुद्धा.