सदुसष्टचे अकरा

"आधी तो कागद उतरवा काचेवरून," असं म्हणत बसड्रायव्हरच्या धाकट्या भावानं कॉम्प्युटरचा डबा टेबलावर आदळला, आणि मीटरकाकांचं डोकंच फिरलं.

दुकानात कॉम्प्युटर असा आदळणाऱ्याला ते एरवीही उभं करत नसत. त्यातून हा कागदाबद्दल बोलला! गेमचं चित्र पळवणारी दोन नवी ग्राफिक्स कार्डं बाजारात आली की काका ती एकाच मशीनमध्ये आळीपाळीनं लावत, एकाच गेममधली तीच शर्यत तीन-तीनदा पळवत आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, मिळाली ते स्वतःच्या हातानं लिहून काचेवर डकवत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून तर लोकांनी त्यांना मीटरकाका करून टाकलं होतं. सध्याच्या कागदावर होतं: महागाचं कार्ड बहात्तर, स्वस्ताचं सदुसष्ट. खाली लाल शाईनं: "पाच फ्रेमसाठी दीडपट किंमत द्यायची असेल, तर खुशाल द्या."

"सदुसष्ट म्हणे!" धाकटा म्हणाला. "काल घरी स्वतः बसवलं मी. अकरा! गाडी पळत नाही, रांगते. वहिनीला मी सांगत होतो, महागाचं घ्या. पण यांना कागदाचं कौतुक."

वहिनी म्हणजे ड्रायव्हरची बायको. ती नवऱ्याबरोबर दाराशी उभी होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. कार्ड तिच्या पगारातलं, आणि ड्यूटीवरून आल्यावर खेळणारीही तीच. कागद वाचून स्वस्ताचं कार्ड तिनंच निवडलं होतं.

"काका, तुमच्या शब्दावर घेतलं हो," ड्रायव्हर म्हणाला. "हे परत घ्या, वरचे पैसे देतो, महागाचं द्या. हिची हौस एकदाची फिटू दे."

"मला महागाचं नकोय," बाई म्हणाली. "काका, ती वायर..."

"थांबा हो जरा!" काका कडाडले. "यांचं होऊ दे आधी."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती आता उघड उघड ऐकू लागली. काकांनी आवाज आणखी चढवला.

"इतकी वर्षं दुकान चालवतोय, एक आकडा खोटा लिहिला नाही! कंपनीची माणसं येतात, 'आमचं कार्ड जरा वर दाखवा' म्हणतात, त्यांना चहासुद्धा विचारत नाही मी. आणि तू मला शिकवतोस?"

"मग आमच्याकडे अकरा का?"

"मला काय ठाऊक! मी मोजलंय."

"आम्हीपण मोजलंय!"

"भावजी, काल वायर लावताना मी म्हटलं होतं ना..."

"वहिनी, तुम्ही यात पडू नका."

"अगं, बोलतायत ना ते," नवरा म्हणाला.

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. आता कार्ड बाहेर काढून, या शहाण्याच्या डोळ्यांदेखत आपल्या मशीनवर पळवून दाखवायचं, आणि मग त्याची अशी काही कानउघाडणी करायची की पुन्हा या गल्लीत पाऊल टाकणार नाही. त्यांनी डबा गर्रकन फिरवून पाठ आपल्याकडे केली.

कार्डाच्या मागच्या तिन्ही भोकांना कंपनीनं बसवलेली काळी बुचं जशीच्या तशी होती. एकही निघालं नव्हतं.

"मॉनिटरची वायर कुठे लावली होतीस?" काकांनी अगदी सावकाश विचारलं.

"मागे."

"मागे कुठे?"

धाकट्यानं वरच्या भोकावर बोट ठेवलं. ते कार्डाचं नव्हतंच, मशीनच्या मूळ मदरबोर्डचं होतं. म्हणजे नवंकोरं कार्ड आत पाहुण्यासारखं बसून राहिलं होतं, आणि सगळा गेम मशीननं आपल्या तुटपुंज्या बळावर रेटला होता.

काकांनी एक बूच उपटलं, दुकानातल्या मॉनिटरची वायर कार्डाला जोडली, तीच शर्यत लावली. सहासष्ट. अडुसष्ट. सदुसष्ट.

गिऱ्हाइकं खो-खो हसली.

"दोन-दोन भोकं द्यायचीच कशाला मग यांनी?" धाकटा पुटपुटला.

"दोन काय, चार देतील!" काकांचा राग उतरायच्या ऐवजी चढला. जिंकल्यावर तर त्यांना जोरच आला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणे कागद उतरवा! मागून एकदा वाकून बघायला काय झालं होतं? घरात सांगणारं कुणी नव्हतं का रे तुला?"

धाकटा मोबाइल काढून त्यात बघू लागला. ड्रायव्हरनं हात जोडले.

"चुकलं आमचं, काका. चारचौघांत तुमच्या नावाला उगाच बोल लागला." मग तो बायकोकडे वळला. "अगं, उभी काय राहिलीस? आभार मान काकांचे. तुझं कार्ड वाचवलं त्यांनी."

बाई पुढे आली. तिनं वायर काढली, बूच पुन्हा न लावता टेबलावरच ठेवलं आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी उचलून घेतला. ती आता रडणार असं काकांना वाटलं, आणि ते पाण्याची बाटली शोधू लागले. पण ती रडत नव्हती.

"वायर चुकीच्या भोकात आहे, हे मी काल घरी सांगितलं. आज इथे दोनदा तोंड उघडलं," ती म्हणाली. "ते तुम्ही तिघांनी मिळून आत्ता शोधून काढलंत. तुम्हीच माना एकमेकांचे आभार."