देवापुढची वाटी

"आजी, तू चिकन कधीपासून खाते?"

रीसायकलिंगच्या पिशवीतून काढलेला पुठ्ठ्याचा खोका उर्वीच्या हातात होता. सुनीतीबाईंना आधी हसूच आलं. पन्नास वर्षं कार्डिफमध्ये काढून ज्या बाईनं अंड्याचा केकसुद्धा कधी तोंडात घातला नाही, तिला नातीनं हे विचारावं!

"बघ ना. तुझी ती डायजेशनची चायनीज पावडर. हॉथॉर्न, बार्ली…" उर्वीचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "ड्राइड चिकन गिझर्ड लायनिंग. म्हणजे कोंबडीच्या पोटाच्या आतला स्किन."

सुनीतीबाई मटकन खुर्चीत बसल्या. चाळीस दिवस! रोज सकाळी ती पूड कोमट पाण्यात कालवायची, चांदीच्या वाटीत घालून आधी देवापुढे ठेवायची, मग प्यायची. माहेरची पद्धतच तशी. औषधसुद्धा देवाला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. म्हणजे बाळकृष्णालाही… आणि आजची वाटी तर आत्ताही त्याच्यापुढेच होती.

"अहो! अहो, इकडे या आधी!"

शशिकांतराव आले आणि खोका बघून दारातच थबकले. आयुष्यभर हॉस्पिटलात लोकांची पोटं उघडली, पण पकडले गेल्यावर स्वतःच्या पोटातलं लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुकानदारानं सांगितलं होतं. म्हणून तर दर वेळी पूड स्टीलच्या डब्यात ओतत होतो." ते उगाच चष्मा पुसत राहिले. "सहा स्टोनवर, जेमतेम अडतीस किलोवर आली होतीस, सुनीती. सगळे स्कॅन क्लिअर, आणि अर्धी पोळी खाल्लीस तरी पोट धरून बसायचीस. मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

ते खरंच होतं. सुनीतीबाईंना भयंकर राग आला होता. आणि त्याहून भयंकर म्हणजे, ती पूड सुरू केल्यापासून रोज लागायची तशी भूकही लागली होती.

त्या उठल्या. स्वयंपाकघरातल्या कपाटात देव्हारा होता, त्याच्यासमोर उभ्या राहून त्यांनी दोन्ही कान धरले. वाटी उचलली. तिच्या जागी चिमूटभर साखर ठेवली आणि कपाटाचं दार लावून घेतलं. नीट लागलंय ना, ते एकदा ढकलून पाहिलं.

मग देवाकडे पाठ करून त्यांनी वाटी तोंडाला लावली.