पिवळं कार्ड

"मग टीव्हीत दिसणार कोण?" भिकाजींनी विचारलं, आणि घरापुढच्या खळ्यात जमलेली अख्खी वाडी नितेशकडे बघायला लागली.

देवरूखहून दुपारच्या एसटीने तो नुकताच उतरला होता. खांद्याला बॅग, चेहऱ्यावर ओशाळं हसू. घटकाभरात त्याच्या क्लबची फायनल सुरू होणार, आणि खेळाडू आईच्या खळ्यात उभा! "सेमीफायनलला पिवळं कार्ड मिळालं," तो म्हणाला. "आधीचं एक होतंच. दोन झाली की पुढच्या मॅचला बाहेर."

त्याची आई यमुनाबाई नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

पोरगा पंधरा वर्षं फुटबॉल खेळत होता. आज गोवा, उद्या केरळ, परवा शिलाँग. सगळे खालच्या डिव्हिजनचे क्लब. मोठ्या क्लबाने त्याला कधी विचारलं नाही, पण कुठल्या ना कुठल्या छोट्या क्लबाला दर साली तोच हवा असायचा. त्याच्या जुन्या जर्सी घालून गडी आंबे काढायचे. त्याचा खेळ मात्र यमुनाबाईंनी एकदाही पाहिला नव्हता. असल्या मॅच टीव्हीवर दाखवतो कोण? मॅच संपली की त्याचा फोन यायचा आणि त्या विचारायच्या, "गोल मारलास काय?" तो म्हणायचा, "नाय गो आई. मी मधे खेळतो." मधे खेळतो म्हणजे नक्की करतो काय, हे शेजारणींना सांगताना त्यांची पंचाईत व्हायची.

टीव्हीवर येणारी त्याची ही पहिलीच मॅच होती, आणि शेवटचीही. गुडघ्यांनी आता नकार दिला होता. पावसाळ्यानंतर तो अलोऱ्यात पोरांना फुटबॉल शिकवायला जाणार होता.

"जल्लं मेलं तुझं कार्ड!" यमुनाबाई म्हणाल्या. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. शेजारच्या गंगुबाई पदर झटकून उठल्या. आता बघायचं काय राहिलंय, म्हणून आणखी चार जण उठले.

"थांबा, थांबा! भावजी दिसतायत!" थोरली सून मृणाली ओरडली.

पडद्यावर सेमीफायनलचा शेवट दाखवत होते. नितेशचा क्लब एका गोलने पुढे. मैदानाच्या मध्यावरून समोरचा एक तरणा पोरगा बॉल घेऊन सुसाट सुटला. त्याच्या जोडीला तिघे, अडवायला एकटा डिफेंडर. इतक्यात मागून नितेश धावत आला. केस विरळ झालेले, छाती भात्यासारखी हलतेय. त्याने त्या पोराचा शर्ट मुठीत धरला आणि दोघंही गवतावर लोळले. शिट्टी. पिवळं कार्ड. नितेशने हुज्जत घातली नाही. पोराला हात देऊन उठवलं, त्याची पाठ झटकली.

"सदरा ओढलान मेल्यानं!" गंगुबाई म्हणाल्या.

यमुनाबाईंनी मान खाली घातली. पंधरा वर्षं वाट बघून लेक दिसला तो असा!

मृणाली इंग्रजी कॉमेंट्री कान देऊन ऐकत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "ते सांगतायत, शर्ट ओढला नसता तर नक्की गोल झाला असता. आणि कार्ड मिळालं की फायनल गेली, हे भावजींना ठाऊक होतं."

यमुनाबाई लेकाकडे वळल्या.

"तुला ठाव होतं?"

"होतं."

"नि मी इथं बसणार, ते?"

"पळताना तेच आलं डोक्यात," नितेश म्हणाला. "पण आई, बाकीच्या पोरांच्या पण आया असतील ना टीव्हीसमोर बसलेल्या."

यमुनाबाईंनी लुगड्याच्या पदराने डोळे पुसले. उठलेली माणसं मुकाट्याने पुन्हा जागेवर बसली. पडद्यावर दोन्ही संघ मैदानात उतरत होते, पण यमुनाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी लेकाला हाताला धरून शेजारी बसवलं. गोलाचं त्यांनी या वेळी विचारलं नाही.

"मृणाली," त्या म्हणाल्या, "मघाचं ते सदरा ओढलेलं परत दाखवतील काय गो?"