गुडघ्यावरचा हात

शाळेची बस शेताच्या फाटकातून आत आली तेव्हा शारदाचा हात भैरवीच्या गुडघ्यावर होता. भैरवी घोडीवर बसली होती. पाठ ताठ, दोन्ही मुठींत खोगिराचा पट्टा, आणि चेहऱ्यावर असा थाट, की तुळजापूरपासून तेरपर्यंत ही घोडी हिनंच दौडवत आणली असावी. प्रत्यक्षात मायलेकी एसटीनं आल्या होत्या आणि चंद्री घोडी रिंगणात जेमतेम पाय उचलत होती.

बसमधून पोरांचा लोंढा उतरला. त्यांच्यामागून एक बाई उतरल्या आणि शारदानं त्यांना लांबूनच ओळखलं. त्या कळंबच्या विहीणबाई होत्या.

खरं म्हणजे त्या अजून विहीणबाई झाल्याच नव्हत्या. शारदाच्या मुकुलला त्यांची मुलगी पसंत पडली होती, सुपारी पुढच्या आठवड्यात फुटायची होती. मुकुल भैरवीचा थोरला भाऊ. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. याआधी आलेली माणसं भैरवीला बघून अर्धा चहा टाकून उठली होती. म्हणून या खेपेला शारदानं तो प्रश्नच ठेवला नाही. घरात कोण कोण असतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आम्ही दोघं आणि मुकुल." एकदा अक्षता पडू देत, मग बघू.

ती मंडळी घर बघायला आली त्या दिवशी भैरवीला आतल्या खोलीत बसवलं होतं. वाढलेली, लग्नाच्या वयाची पोर. जन्मापासून पाय आखडलेले, जीभ जड, डोकं मात्र लख्ख. जिन्यावर पावलं वाजली तशी तिनं आपल्या काठीनं स्वतःच दार लोटून घेतलं. 'शहाणी गं माझी बाय!' असं तेव्हा शारदाला वाटलं होतं. लाज वाटावी अशी गोष्ट, पण तिला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

"अगं बाई, तुम्ही इथं कुठं?" विहीणबाई थेट कठड्याशी आल्या. त्या मुख्याध्यापिका, त्यामुळं आवाज सगळ्या शेताला पुरेल असा. अपंग मुलं इथं घोड्यावर बसतात, कोंबड्यांना दाणे टाकतात, वाफ्यातली मेथी खुडतात, ते आपल्या पोरांना दाखवावं म्हणून त्यांनी सहल इकडं वळवली होती.

"येते अधूनमधून," शारदा म्हणाली. "तेवढीच सेवा."

"किती छान हो! आणि ही कुणाची?"

उत्तर शारदाच्या तोंडातून आपोआप निघालं. "इथलीच आहे एक."

आणि तिचा हात भैरवीच्या गुडघ्यावरून खाली आला.

चंद्री जागच्या जागी थांबली. ती तिची जुनी खोड होती. धनगराच्या बिऱ्हाडात वाढलेली घोडी ती. मेंढरांमागं गावोगाव फिरताना तिच्या पाठीवर लंगडी कोकरं आणि तान्ही लेकरं बांधलेली असत. शेजारून चालणारी बाई त्यांच्यावर हात ठेवी, तिचं कोपर घोडीच्या बरगडीला लागत राही. ते कोपर सुटलं, की चंद्री पाऊल टाकत नसे. पाठीवरचं लेकरू पडेल, हे तिला कळायचं. आता बिऱ्हाड तेरला स्थिरावलं होतं, कोकरांच्या जागी भैरवीसारखी माणसं बसत होती, पण घोडीची सवय काही मोडली नव्हती.

लगाम धरून पुढं चालणारी दैवशाला त्याच बिऱ्हाडाची सून. ती मागं वळली.

"हात कशाला काढला, ताई? ती चालायची न्हाय आता. तुमच्या ले..."

"काकू!"

भैरवी बोलली होती. तिला एक वाक्य पुरं करायला इतका वेळ लागे, की ऐकणारे मध्येच दुसरीकडं बघायला लागत. आज तिनं घाई केली. शब्द एकमेकांवर आपटले, पण सगळे बाहेर आले.

"काकू, तुमचा हात ठेवा ना. घोडी थांबलीय."

ती शारदाकडं बघत नव्हती. चंद्रीच्या आयाळीत बोटं घालून बसली होती. जन्मात कधी तिनं आईला काकू म्हटलं नव्हतं. तसं म्हण, असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. घरी पाहुणे आले की ती दार लोटून घ्यायची. इथं उघड्या रानात लोटायला दार नव्हतं.

दैवशालानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि तोंडातला शब्द गिळला.

शारदाचे कान तापले. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आपली लाज ही पोर आपल्यासाठी झाकत होती, आणि तिला ते किती सराईतपणे जमत होतं!

"किती गुणाची हो!" विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "बोलायला इतकं जड जातंय, तरी अहोजाहो करते. कुणीतरी फार छान वळण लावलंय हिला."

घोडी उभीच होती. भैरवीचा गुडघा थरथरत होता. मुकुल शारदाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, त्यानं सुपारीसाठी शिवायला टाकलेला नवा सदराही दिसला. तिनं हात उचलला आणि लेकीच्या गुडघ्यावर ठेवला. चंद्रीनं पाऊल उचललं.

"भैरवी नाव हिचं. मुकुलची धाकटी बहीण," शारदा म्हणाली. मान वर करायला तिला जमलं नाही. "वळण मीच लावलंय."