नवव्या थांब्यापर्यंत

वाचनालयात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने गळ्यातला कॅमेरा उलटा धरला होता. बाबांच्या पाठीमागून तिने डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा त्याने तो सरळ केला.

"लांबून आलात?" बाबांनी विचारलं.

"फारच लांबून," बाइंडर म्हणाला. बाकीचे पाच पाहुणे समुद्राकडे पाहू लागले.

सगळा घाट तिनेच घातला होता. आई जाऊन दोन महिने झाले होते. तीस वर्षं पर्यटकांना जुनं बंदर पायी फिरवून दाखवणारे बाबा तेव्हापासून घरात बसून होते. दहाला ती वरच्या खोलीतून खाली येई तेव्हा खुर्चीत, दिवे लागले तरी खुर्चीत. काही विचारलं तर हो किंवा नाही. त्यांच्यासाठीच तर तिने वाचनालयातून रजा घेतली होती. आज ते बोलले नाहीत तर पुन्हा बोलतील की नाही, याची तिला खात्री नव्हती. म्हणून वाचनालयातली माणसं पाहुणे म्हणून बोलावली होती. ठरलं होतं असं, की बाबा अडखळले तर कोणीतरी प्रश्न विचारायचा. वाचनालय सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी तर प्रश्न कागदावर लिहूनच आणले होते.

पहिला थांबा जकातघराचा. बाबा दाराशी उभे राहिले आणि गप्पच झाले. मोठ्या बाईंचा हात पर्समध्ये गेला.

"इथले अधिकारी मालाआधी माणूस तपासत," बाबा म्हणाले. "लपवाछपवी करणारा लगेच ओळखू येतो." आणि त्यांनी बाइंडरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

कागद पर्समध्येच राहिला. मिठाची वखार, दोर वळणाऱ्यांची गल्ली, तोफगोळ्याने खचलेली भिंत. बाबा सांगत गेले. गल्लीत पाइपासाठी नव्याने खणलेला चर होता, तो त्यांनी बोलता बोलताच ओलांडला. दीपगृहाच्या नव्वद पायऱ्या ते एका दमात चढले. बाइंडर मात्र साठाव्या पायरीवर बसला आणि माझं इथेच स्मारक करा म्हणाला.

"तू मागे मागे का?" बाबा तिला दोनदा म्हणाले. "पुढे ये, वारा आहे."

धक्क्याच्या टोकाला नववा थांबा संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

बाबा पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. ती तशीच पर्यटन कचेरीत शिरली. खिडकीतल्या कारकुनाला तिने सांगितलं, की बाबा आता सावरलेत, त्यांची जागा एवढ्यात दुसऱ्या कोणाला देऊ नका. जमलं तर आठवड्यातून एखादी फेरी त्यांना द्या, सकाळची, उन्हं चढायच्या आतली.

कारकुनाने फेऱ्यांची वही तिच्याकडे फिरवली.

"सातची फेरी रोज त्यांचीच असते, ताई," तो हळूच म्हणाला. "आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. साडेनऊ वाजले की लगबगीने निघतात. म्हणतात, पोरगी उठायच्या आत घरी जाऊन बसायला हवं. माझी काळजी वाटते म्हणून तरी ती खोलीबाहेर येते."