चुकण्याचा सराव

“हा वाईट नव्हता,” बेला म्हणाली आणि तिने चेंडू परत फेकला. “सरळ छातीवर आला. वाईट दे.”

विनीने चेंडू अडवला आणि कमरेशी धरला. वटार गावच्या चर्चमागचे मातीचे पटांगण. एका टोकाला बास्केटबॉलचा लाकडी बोर्ड आणि गंजलेली रिंग, तिन्ही अंगांना केळीच्या वाड्या. ऊन माडांच्या शेंड्यांवर चढून बसले होते. उद्या सकाळी बेला पुण्याच्या शिबिराला निघणार होती, आणि तिथून राज्याच्या संघाबरोबर स्पर्धेसाठी जयपूरला. निवडीचे पोस्टकार्ड गावात एकच आले होते.

निवड चाचणीत बेलाने बावीस गुण केले, विनीने दोन. ते बावीस गुण ज्या चेंडूंवर झाले त्यांतला जवळजवळ प्रत्येक चेंडू विनीच्या हातून निघाला होता. पण निवड करणाऱ्या तिघांपुढच्या कागदावर बास्केट कोणी केली एवढेच लिहायला जागा होती. चेंडू तिथवर कोणी नेला, कोणत्या क्षणी सोडला, याला नव्हती. “पॉइंट गार्डचं, चेंडू पुरवणारीचं, हे असंच असतं गं,” एवढेच त्यांना खेळ शिकवणारे ऑगस्टीन सर परतताना म्हणाले, आणि स्टेशन येईपर्यंत शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

आजची कल्पना विनीचीच.

“तिथे तुला माझ्यासारखं कोणी देणार नाही,” ती म्हणाली होती. “उशिरा देतील, पायात देतील, पाठीमागे देतील. तुझ्या हातांचे लाड झालेत. दहा वाईट पास झेल, मग घरी जाऊ.”

तिने पुढचा चेंडू घोट्याशी मारला. बेला वाकली, तो निसटून वाडीच्या कुंपणाकडे गेला. त्यानंतरचा डोक्यावरून. त्यानंतरचा डाव्या खांद्यामागे, इतका जोरात की बेलाची करंगळी दुखावली.

पायवाटेने विड्याच्या पानांची पाटी घेऊन कॅथरिन मावशी येत होती. ती थांबली. पाटी डोक्यावर तशीच ठेवून तिने आणखी दोन पास पाहिले.

“काय गो विने, इतकी वर्सं खेळतेस नि अजून धड टाकता येत नाय? तरीच तुला नाय घेतली!”

“मावशी, ती मुद्दाम—” बेला उसळली.

“हो मावशी,” विनी मध्येच म्हणाली. “जमत नाही अजून.”

“मग शीक जरा बेलाकडनं. उद्या जाईल ती, मग कोन शिकवनार तुला?” मावशी हसली आणि पाटी सावरत निघून गेली.

बेलाने चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरला होता. “तू सांगू का नाही दिलंस मला?”

“काय सांगणार होतीस? किती झाले?”

“चार.”

“पाच. तो निसटलेला पायातलाही मोज.”

खेळ पुढे चालला. बेलाचे हात हळूहळू शिकत गेले. कुठून येईल याचा भरवसा नसलेल्या चेंडूसाठी ते आता आधीच उघडे राहू लागले. विनीने हे पाहिले आणि पुढचा चेंडू आणखी वाकडा टाकला.

“जयपूरला लाकडाची जमीन आहे म्हणे,” ती चेंडू पुसत म्हणाली. “खरंच तशी असली तर लिही. पाय सरकतो का ते लिही. आणि तिकडची गार्ड कशी आहे, वर बघून खेळते की चेंडूकडे बघून, तेही.”

“त्यापेक्षा मी जातच नाही,” बेला म्हणाली.

“वेडी आहेस का! ट्रंक भरून झाली तुझी. आईने लाडूसुद्धा बांधले.”

बेला पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

उभ्याने नऊ पास झाले. दहावा पळता पळता घ्यायचा होता. बेला कोपऱ्यातून रिंगकडे धावली. विनीने ठरवले होते, मागे टाकायचा. पण चेंडू हातातून सुटला तो दोन पावलांनंतर बेला जिथे असणार होती तिथे. बेलाने नुसते हात वर केले आणि तो रिंगमधून खाली आला.

“विने!”

“परत.”

पुन्हा तसेच झाले. तिसऱ्यांदाही. बेला धावू लागली की विनीला तिच्या खांद्याचा कल दिसे, उचललेली टाच दिसे, आणि त्यापुढचे काही तिच्या हाती राहत नसे. पाच वर्षे हे पटांगण त्या दोघींनी असेच तुडवले होते. चर्चच्या भिंतीवरचा प्रकाश आता करडा झाला होता.

“बघतेय म्हणून होतंय,” विनी म्हणाली. “आता बघतच नाही.”

तिने रिंगकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले.

“पळ.”

अनवाणी पावले मातीवरून निघाली. कोपरा सुटला, रेषा ओलांडली. विनीने श्वास रोखून धरला आणि मग, जणू कोणी तिच्या मनगटाला हात लावावा तसा, चेंडू खांद्यावरून मागे सोडला.

तो अंधुक हवेतून एक सावकाश कमान काढत आला आणि बेलाच्या उघड्या तळव्यांत येऊन बसला. तिला पाऊलही बदलावे लागले नाही. ती रिंगखाली थांबली. वाडीत केळीची पाने एकमेकांवर घासत होती.

“चुकला?” विनीने विचारले. तिने मान वळवली नव्हती. डोळे अजून मिटलेले होते.

बेलाने हातातल्या चेंडूकडे पाहिले.

“चुकला,” ती म्हणाली. आणि पडल्याचा आवाज व्हावा म्हणून तिने तो अलगद जमिनीवर सोडला.