सातवं ग्रीन

मेंदूला झटका येऊन गेल्यावर हणमंतराव वर्षभराने गोल्फच्या मैदानावर आले. अधूनमधून विसरायला होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सातव्या होलला त्यांचे पाय थबकले. समोर नेहमीचं ग्रीन नव्हतंच. गुळगुळीत हिरवळीच्या जागी पाणी होतं, लव्हाळ्यात बदकं पोहत होती. इथं आधीपासून तळं होतं? की आपणच भलतीकडे आलो? सोबतच्या इक्बालभाईंना विचारायचा धीर होईना. घरच्यांना कळलं तर पुन्हा बाहेर सोडणार नाहीत. शेवटी जुन्या सवयीवर भिस्त ठेवून त्यांनी चेंडू टोलवला. तो डुबकन बुडाला. “अरे, पानी में काइकू मारे?” इक्बालभाई ओरडले. “परिंदाँ के वास्ते ग्रीन की जगा तालाब बनाए ना! नया ग्रीन उधर!” हणमंतराव मटकन बसले. डोळे वाहू लागले. “क्या हुआ, मियाँ?” “बॉल डूब गया ना,” ते हसत म्हणाले.